प्लेटलेट फक्त अडतीस हजार!

...आणि त्याला रस म्हणायचं? रस संत्र्याचा असतो, उसाचा असतो... हे म्हणजे शेवाळलेल्या टाकीचा तळ खरवडून पेल्यात ओतलेला! हिरवा? छे हो, हिरव्या रंगाला काही अब्रू असते! हा काळपट, वर फेस, खाली गाळ, आणि मधोमध तरंगणारा एक तंतू... लांबलचक, बुळबुळीत... अर्धा घशात गेलेला, अर्धा अजून पेल्यात! ओढावा तरी ओकारी, गिळावा तरी ओकारी! पपईच्या पानांचा! सकाळी उपाशीपोटी एक पेला, संध्याकाळी एक पेला, आणि समोर आमच्या नणंदबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, "नाक दाब आणि घटाघटा पिऊन टाक, चव बघत बसू नकोस!" चव बघत बसू नकोस! मी काय चवीसाठी पीत होते? शी! आणि तुम्हाला सांगते, एवढं सगळं रामायण चाललं होतं, आणि मला होत काय होतं? तर काहीच नाही!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई रसाच्याच मागे लागलीय.

माझ्या पाठीवर एक गाठ आहे. उजव्या खांद्याच्या जरा खाली, लिंबाएवढी, चरबीची. दुखत नाही, खुपत नाही, भाडेकरूसारखी गपचूप राहते. पण माझं काम कसं, मी गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतते. एकोणीस वर्षं झाली. नर्सबायकांचे झगे, पहारेकऱ्यांचे शर्ट, शाळेच्या मुलींचे फ्रॉक, सगळे आधी माझ्या टेबलावर आडवे होतात, मग मशीनवर जातात. टेबल एवढं रुंद, की पलीकडच्या काठावर खडूची रेघ मारायची म्हटलं तर अख्खं अंग ओणवं करून हात ताणावा लागतो, आणि हात ताणला की ती गाठ ओढली जाते. म्हणून सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, संध्याकाळी घरी जाल. आधी रक्त तेवढं तपासून घ्या." घ्या म्हणाले, घेतलं. बुधवारी सकाळी एका मुलीनं दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, जांभळ्या झाकणाच्या एवढ्याशा नळीत रक्त भरलं, कापूस दाबला, झालं. दोन मिनिटांत रक्त थांबलं सुद्धा! हे लक्षात ठेवा हं, दोन मिनिटांत थांबलं. माझ्या लक्षात राहिलं नाही, घरात कुणाच्याच राहिलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला ह्यांच्या फोनवर. आता आमचे हे म्हणजे पाणीखात्यात. लोकांच्या घरांतले मीटर वाचून जे आकडे येतात ते हे तपासतात, दिवसभर, डोळ्यांत तेल घालून. त्यामुळे आकडा दिसला की ह्यांना चेव येतो. चष्मा पुसून, खुर्ची ओढून, मोठ्यानं वाचायला लागले, "हिमोग्लोबिन बारा पॉइंट चार, छान... पांढऱ्या पेशी, छान... प्लेटलेट..." आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "अडतीस हजार." मी म्हटलं, "कुठे?" तर ओरडले, "तुझ्यात!"

म्हटलं अडतीस हजार म्हणजे पुष्कळच झाले की! मला वाटलं कौतुकाचं काही असेल. तर हे म्हणतात, "अगं, इथं नॉर्मल दिलंय दीड लाख ते साडेचार लाख!" आता प्लेटलेट म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक? मी इतकी वर्षं न मोजता वापरत होते! शेवटी आमची लेक आली कॉलेजातून, तिनं सांगितलं, "आई, रक्तात बारीकबारीक तुकडे असतात. कुठे कापलं की ते धावत जातात आणि भोक बुजवतात." म्हटलं, "म्हणजे ठिगळं?" म्हणाली, "हो, ठिगळंच." म्हणजे बघा, जन्मभर कापडात वावरलेली मी, आणि माझ्याच अंगात ठिगळांचा तुटवडा!

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सर्जननी कागद पाहिला आणि हात वर केले. "एवढ्या कमी प्लेटलेटवर मी सुरी लावत नाही. रक्ताच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा. पुढच्या गुरुवारची वेळ मिळतेय. तोवर कुठे कापून घेऊ नका, पडू नका, अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, दात हलक्या हातानं घासा. नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर जांभळे ठिपके उठले तर मात्र वाट बघायची नाही, लगेच यायचं. तसं काही नसेल तर घाबरू नका." आता मला सांगा, यातलं शेवटचं वाक्य ह्यांनी ऐकलं असेल? नाही! बाकी शब्दन् शब्द पाठ, शेवटचं वाक्य हवेत!

घरी आले आणि जप्ती सुरू! भाजीची सुरी जप्त. साल काढायचं सोलाणं जप्त. सुई जप्त. नेलकटर जप्त. दात घासायचा ब्रश जप्त... बोटानं घासा म्हणाले! आणि माझी कात्री, हातभर लांब, एकोणीस वर्षं माझ्याशिवाय जिला कुणी हात लावलेला नाही, ती ह्यांनी टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वर टाकली! कारखान्यातल्या मुकादमबाईंना परस्पर फोन, "ती येणार नाही, तिला कात्री बंद आहे." लेकीनं जुन्या गादीतला स्पंज कापून टेबलाच्या कोपऱ्यांना दोरीनं बांधला. त्या स्पंजला आठ वर्षांपूर्वीचा वास! घामाचा, तेलाचा... टेबलाशी बसलं की तो वास थेट नाकात! आणि रोज सकाळी हे बॅटरी घेऊन माझ्यासमोर, "आ कर." सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या चेहऱ्याकडे धड पाहिलेलं नाही हो, आणि आता थेट हिरड्या बघायला लागला! बरं, बॅटरी कुठली? पाणीखात्याची! जिनं तिथली माणसं दिवसभर गटारातले मीटर शोधतात ती! माझ्या तोंडात! शी, शी, शी! आणि मला होत काय होतं? तर काहीच नाही!

शुक्रवारी सकाळी नणंदबाई आल्या. आल्या म्हणजे कशा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोतं. पोत्यात पानं. "वहिनी, तू आता काही बोलायचं नाहीस. पाणी असो, रस असो, मी देईन ते प्यायचं." त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, कुणाच्या तरी जावयाच्या प्लेटलेट या रसानं तीन दिवसांत दुप्पट झाल्या. मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांना विचारू या तरी." तर म्हणतात, "डॉक्टर कशाला सांगतील? सांगितलं तर त्यांचं कसं चालेल?" आणि ती पानं न धुता, तुम्हाला सांगते, न धुता... मी पलंगावरून बघतेय... एका पानावर पांढरी अळी चाललीय, मी ओरडतेय, "वन्सं, अळी! अळी!" आणि त्यांनी मिक्सरचं झाकण लावून बटण दाबलंसुद्धा! घर्रर्र! मी विचारलं, "अळी काढली का हो?" तर म्हणाल्या, "गाळून देते ना!"

गाळून देते! कशानं गाळलं माहितीय? ह्यांच्या जुन्या बनियननं!

मी प्यायले. काय करणार? पलंगाभोवती तिघं उभी, तिघांच्या चेहऱ्यावर असा भाव, की मी नाही प्यायले तर तिथल्या तिथं संपणार. प्यायले आणि दहा मिनिटांत सगळं मोरीत! नणंदबाईंनी मोरीत वाकून पाहिलं... पाहिलं हो, नीट निरखून... आणि म्हणाल्या, "निम्मा गेलाय, निम्मा आत राहिलाय. अर्धा पेला अजून देते!"

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या बाई भेटायला आल्या. भेटायला कसल्या, शेवटचं बघून घ्यायला! माझा हात हातात घेतला, तो उलटा केला, सुलटा केला, आणि उसासा टाकला. "माझ्या चुलतदिराचं अगदी असंच झालं होतं. चांगला हिंडत-फिरत होता. पाचव्या दिवशी..." आणि थांबल्या. मी म्हटलं, "पाचव्या दिवशी काय?" तर म्हणतात, "जाऊ दे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेळीचं दूध घ्या." झालं! नणंदबाईंच्या कानांवर शब्द पडायचा अवकाश, रविवारी सकाळी बाटलीभर शेळीचं दूध हजर! न तापवलेलं, कोमट, आणि वास असा, की डोळे मिटले तर शेळी मांडीवर येऊन बसल्यासारखी वाटावी! वर एक केस. माझा नव्हता. घरात कुणाचाच नव्हता!

आणि स्वयंपाकघर... नको, त्याबद्दल विचारू नका. मी पलंगावर, पण कानानं सगळं कळतं ना हो? दूध उतू गेल्याचा चर्र आवाज, मग ह्यांचं "अरे अरे अरे", मग फडक्याचा फटकारा. भात करपल्याचा वास, मग लेकीचं "बाबा, वरवरचा काढून घेऊ". नणंदबाईंचं भांड्यावर भांडं आपटणं. मी म्हणायची, "मी उठते, पाच मिनिटांत करते," की तिघं एका सुरात, "झोप!" बरं, मला होत काय होतं? तर काहीच नाही! ताप नाही, चक्कर नाही, कुठे टाचणीएवढा ठिपका नाही. होती ती एक मळमळ, आणि ती कशानं होती ते सांगायला हवं का?

पण खरं सांगू? सोमवारी माझीही हवा गेली.

ह्यांनी सोमवारी पुन्हा रक्त द्यायला लावलं. त्याच लॅबमध्ये. सकाळी सातला घरी येऊन मुलगी रक्त घेऊन गेली, जांभळ्या झाकणाची नळी तिच्या पिशवीत टाकून गावभर फिरली, आणि मशीनवर लागली म्हणे बारानंतर. दुपारी रिपोर्ट. एकोणतीस हजार! अडतीसचे एकोणतीस! नणंदबाईंनी ताबडतोब निकाल दिला, "हिनं रस ओकून टाकला म्हणून!" ह्यांनी मीटरच्या वहीत रेघ आखली, अडतीसवर एक ठिपका, एकोणतीसवर एक ठिपका, दोन्ही जोडले आणि ती रेघ पट्टीनं तशीच खाली ओढत नेली... आणि मग एकदम वही मिटली. रेघ खाली कुठे जाऊन टेकते ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं होतं.

दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर न्हाणीघरात नळ चालू. बराच वेळ चालू. लेक आत होती. नळ सोडून रडत होती हो... आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दाराबाहेर उभी. वाटलं दार वाजवावं, आणि वाटलं, वाजवून सांगणार काय? मला काही होत नाही असं? ते तर मी रोजच सांगत होते. संध्याकाळी मी तिला जवळ बसवून, गरम कपडे कुठे ठेवलेत, गॅसचं डावीकडचं बटण कसं अडकतं, तिच्या कोटाची शिवण कुठून उसवते, हे सांगायला लागले, तर ती म्हणाली, "आई, तू हे मला आत्ता का सांगतेयस?" आणि मी म्हटलं, "सहज." सहज! आणि रात्रीच्या जेवणाआधी नणंदबाईंनी पेला पुढे केला, तर मी नाक न दाबता प्यायले. गाळ, तंतू, सगळं. त्या दिवशी मला चव लागलीच नाही.

एकदाचा गुरुवार उगवला. सकाळचा पेला, म्हणजे तेरावा हं, मी मोजलेत, शुक्रवारपासून रोज दोन आणि गुरुवारी सकाळी एक... तेरावा पिऊन आम्ही रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ह्यांना कचेरीतून साहेबांचा फोन, तासाभरासाठी तरी या. जाववेना बिचाऱ्यांना. शेवटी बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते त्यांना, ओळख ना देख, म्हणाले, "हिच्याकडे जरा लक्ष ठेवा. हिला धक्का लागू देऊ नका." मी म्हणजे काय पार्सल आहे?

त्या गृहस्थांशेजारी त्यांची मुलगी होती. असेल बावीस-तेवीसची. बापाच्या मांडीवर तिची पर्स, आणि तिचे हात बाह्यांत. मला म्हणाली, "मावशी, तुमच्या किती?" जसं शाळेत निकालाच्या दिवशी विचारतात तसं. मी रडवेल्या सुरात म्हटलं, "एकोणतीस हजार." तर तिचे डोळे चमकले, "अय्या, एकोणतीस! माझ्या आज बावीस झाल्या! गेल्या आठवड्यात सहा होत्या!" आणि तिनं पायावरचं कापड जरा वर केलं. नडगीवर लाल-जांभळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे, शेकड्यांनी, जणू कुणी पेन झटकलंय. म्हणाली, "हे जुने आहेत, आता नवीन येत नाहीत. हिरड्यांतलं रक्तही थांबलं. तुमचे ठिपके कुठे आहेत?"

मी म्हटलं, "मला... काहीच नाही गं."

आठ दिवस हेच वाक्य मी तोंड वर करून म्हणत होते. तिच्यासमोर म्हणताना मात्र मी माझे पाय बाकाखाली ओढून घेतले. ती म्हणाली, "मग तुम्ही लवकर बऱ्या व्हाल." आणि हसली. बापानं पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

माझा नंबर लागला. डॉक्टरीणबाई ठेंगण्याशा, केस पांढरे, चष्मा कपाळावर ढकललेला. कागद बाजूला ठेवला आणि मलाच बघायला लागल्या. हात, पाय, हिरड्या, पोट दाबून. "नाकातून रक्त? अंगावर कुठे? नवीन औषध? ताप?" नाही, नाही, नाही, नाही. "गेल्या महिन्यात कुठे कापलं होतं?" म्हटलं, "बाई, मी कात्रीवर काम करते, मला रोजच कापतं." "थांबतं रक्त?" "लगेच." तर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आलात कशाला?" मी म्हटलं, "आकडा कमी आला ना!" तर म्हणतात, "आकड्याला तपासू की तुम्हाला?"

मग रक्त घेतलं. एक जांभळ्या झाकणाच्या नळीत, एक निळ्या झाकणाच्या. जांभळ्यातला थेंब काचेवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरून स्वतः पाहिला, आणि मला बोलावलं, "या, बघा." मी डोळा लावला. गुलाबी गुलाबी पसारा, आणि मध्ये हे जांभळ्या कणांचे पुंजके! जुन्या लोकरी कापडावर कसे गोळे धरतात, तसे. त्या म्हणाल्या, "या तुमच्या प्लेटलेट. भरपूर आहेत. पण या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यानं तुमच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त नळीत. आणि मशीनला सुटी सुटी मोजायची सवय. वीसजणी गळ्यात गळे घालून आल्या, की ते म्हणतं, हे काहीतरी मोठं दिसतंय, ही प्लेटलेट नव्हे, सोडा! रक्त जितका वेळ पडून राहील तितक्या त्या जास्त चिकटणार. म्हणून दुसऱ्यांदा आणखी कमी. एवढा कमी आकडा आला तेव्हाच कुणीतरी काच डोळ्यांनी बघायला हवी होती."

निळ्या नळीतलं रक्त तिथल्या तिथे मोजलं. दोन लाख त्रेचाळीस हजार!

"म्हणजे आजार?" "नाहीच. तुमच्या रक्ताची खोड आहे ती. मी लिहून देते, पुढे कुणीही रक्त घेतलं की हा कागद दाखवायचा."

मी म्हटलं, "बाई, आणि तो पपईच्या पानांचा रस?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "किती प्यायलात?" "तेरा पेले." हातातलं पेन खाली ठेवून म्हणाल्या, "का?"

का! आता काय सांगू का ते? तेरा पेले हो! एक अळी! अर्धा लिटर शेळीचं दूध! नवऱ्याचं बनियन! आणि मला झालं काय होतं? तर काहीच नाही! आता तर शिक्कामोर्तब करून काहीच नाही!

बाहेर आले तर ती मुलगी अजून बाकावरच. "काय म्हणाल्या?" मला खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, "माझा आकडाच चुकीचा होता गं. मी बरी आहे." तिचा चेहरा पडला नाही हो... ती टाळी देऊन म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं, लवकर बऱ्या व्हाल?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भराभर जिना उतरले, तिथं उभं राहवेना.

रस्त्यावर येऊन पहिला फोन लेकीला. ती इतकी रडली, इतकी हसली, की मला अर्धंच कळलं. आणि मग... आता हे तुमच्यात आणि माझ्यात... मी तिला म्हटलं, "बाबांना आणि आत्याला सोमवारपर्यंत सांगू नकोस." का? अहो, आठ दिवस मी दुपारी झोपत होते! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! रस सोडला तर मला ते आवडलं होतं हो! रस तेवढा कुंडीत ओतायचा, आणि चार दिवस अजून पडून राहायचं. लेक म्हणाली, "कुणाला कळणार नाही." ह्यांना कळवलं, डॉक्टर म्हणाल्या काळजी करू नका, रिपोर्ट मागाहून. ठरलं! घरी जायचं आणि थेट पलंग!

घरी आले. दुपारचे दोन. घरात कुणी नाही, लेक कॉलेजात, नणंदबाई आपल्या घरी. पलंगाकडे जाता जाता, मेली मला बुद्धी कुठून झाली, म्हटलं घोटभर पाणी घ्यावं... आणि आठ दिवसांनी मी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

तळवा चिकटला. जमिनीला! चर्रकन सुटला! गॅसखाली दुधाचे थरावर थर, खाली काळा, वर पिवळा, त्याच्यावर मुंग्या, मुंग्यांतल्या काही तर त्यातच मेलेल्या. बेसिन तुंबलेलं... पपईच्या चोथ्यानं! वर हिरवं पाणी, त्यात तरंगतोय भात, फुगलेला, एकेक शीत बोटाएवढं! मी मन घट्ट केलं. म्हटलं, बघायचं नाही, पाणी प्यायचं आणि जायचं. पेला उचलला. पेल्याच्या बुडाशी हिरवा गाळ वाळून बसलेला. दुसरा उचलला, त्यालाही. तिसरा उचलला... त्यात साबण होता, वापरलेला!

मला सांगा, कोण झोपेल? तुम्ही झोपाल? बाह्या वर केल्या आणि घेतली घासणी! बेसिनमध्ये कोपरापर्यंत हात घातला, तो चोथा मुठीमुठीनं उपसला, शी, शी, शी, करत करत दोन तास! सुरी घेऊन गॅसखालचं दूध खरवडलं. आणि खरवडता खरवडता सुरी निसटली, बोटाला लागली. ठिपकाभर रक्त. आणि त्याच क्षणी दारात हे!

तासाभरासाठी म्हणून बोलावलेल्या साहेबांकडून एकदाचे सुटून आले होते. माझ्या हातात सुरी, बोटावर रक्त. ह्यांच्या हातातली पिशवी पडली. धावत आले, माझं बोट दोन्ही हातांत धरलं, आणि तसेच, त्या ओल्या जमिनीवर, मटकन बसले. दाबून धरलं बोट, छातीशी. "काही नाही, काही होणार नाही, दहा मिनिटं दाबायचं असतं, मी वाचलंय, काही होणार नाही," असं पुटपुटत होते, स्वतःलाच. आणि डोळ्यांतून पाणी. सव्वीस वर्षांत मी या माणसाला रडताना पाहिलेलं नाही, त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा.

कुठला सोमवार आणि कुठलं काय! मी म्हटलं, "अहो, थांबलंय रक्त. केव्हाच थांबलंय. दोन लाख त्रेचाळीस हजार आहेत माझ्या." त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, "शून्यं नीट मोजलीस?" कागद दाखवला. दोनदा वाचला, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला. नळीची हकिकत सांगितली. ऐकून घेतली, नाक ओढलं, उठले आणि पहिला फोन बहिणीला! "ताई, दोन लाख त्रेचाळीस! हो, हो... तुझ्या रसानंच!" मी ओरडतेय, "अहो, रसानं नाही, नळीनं!" तर फोनवर हात ठेवून मला म्हणतात, "असू दे गं, तिला बरं वाटेल."

मग माझ्या हातातली घासणी काढून घेतली. मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "दमलीस. आज चहा मी करतो." आणि केला! दोन तास घासून लखलखीत केलेल्या माझ्या गॅसवर, दूध उतू घालवून, फसकन! कप आणून हातात दिला. वर सायीचा गोळा, कडेला चहाची पत्ती, आणि आत त्यांचा अंगठा. मी विचारलं, "गाळला नाही?" तर आजूबाजूला बघत म्हणाले, "गाळणी कुठे असते आपल्याकडे?"

तुम्हाला सांगते, असा चहा मी आजवर माझ्या शत्रूलाही दिलेला नाही. पण समोर बसला होता हो तो माणूस, लाल डोळ्यांनी, मी पिते की नाही ते बघत...

प्यायले. काय करता? पत्तीसकट प्यायले... आणि वर म्हटलं, "छान झालाय!"

आता रोज करतात.